लुटुपुटीची लढाई, पण नियमाने!

दोस्तांनो, दिवाळी संपली की किल्ल्याचं काय होतं, ते मी तुम्हांला सांगायला नको. चार दिवस मातीत राबून उभारलेले बुरूज आठवड्याभरात ढासळू लागतात. पायथ्याशी पेरलेलं अळीव पिवळं पडतं. मग एखाद्या रविवारी आई म्हणते, "ती माती उचला बरं आता!" माती उचलली जाते आणि मावळे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून बुटांच्या खोक्यात जातात. खोकं माळ्यावर. कुंभकर्णाला सहा महिन्यांची झोप पुरायची, यांना साडेअकरा महिने लागतात!

आता खरं सांगा. त्या मावळ्यांची लढाई खेळून बघायचा प्रयत्न तुम्ही कधीतरी केला असेल ना? आणि ती किती वेळ चालली? पाच मिनिटं? "तुझा मेला!" "नाही मेला, त्याच्याकडे ढाल आहे!" "पण मी मागून मारलं!" मग रडारड, रडीचा डाव, आणि शेवटी घरातल्या मोठ्यांचा धपाटा. दोष तुमचा नाही, मावळ्यांचाही नाही. तुमच्या खेळाला नियम नव्हते, एवढंच.

लुटुपुटीच्या लढाईचे नियम जगात खूप जणांनी लिहून ठेवले आहेत. छोटे सैनिक टेबलावर मांडायचे, मोजपट्टीनं त्यांना पुढे सरकवायचं, फासे टाकून कोण हरलं ते ठरवायचं. या छंदाची मोठी मोठी पुस्तकं आहेत, आणि तो मनापासून जोपासणारी मोठी माणसं आहेत. पण या छंदात एक गंमतशीर खड्डा आहे. नवखा खेळाडू आधी नियमांचं पुस्तक आणतो. त्यात लिहिलेलं असतं, अमुक इतके घोडेस्वार हवेत, तमुक उंचीचे हवेत, इतक्या रुंदीच्या पाटीवर चिकटवलेले हवेत. मग तो ते विकत घ्यायला निघतो. खिसा रिकामा होतो आणि घरातलं जुनं खोकं माळ्यावरच राहतं.

आपण उलटं करू या. आधी खोकं खाली काढू, आणि त्यात जे आहे त्याला शोभतील असे नियम शोधू.

खोक्यात आहे तरी काय?

मागच्या वर्षी माझी भाची आणि भाचा सुट्टीत आमच्याकडे आले होते. भाची सातवीत, भाचा पाचवीत. माळ्यावरून माझ्या लहानपणचं खोकं निघालं. सतरंजीवर सगळं ओतलं आणि भाचीनं वहीत यादी केली. ढाल-तलवारवाले उभे मावळे एकवीस. घोडेस्वार तीन, त्यांतल्या एका घोड्याला पाय तीनच. तोफा दोन. सिंहासनावर बसलेले महाराज. एक बैलगाडी. गुहेत ठेवायचा वाघ. एक वासुदेव. आणि एक वाहतूक पोलीस! तो तिथं कसा आला, हे मला आजवर कळलेलं नाही. पण मला वाटतं प्रत्येक घरच्या किल्ल्यावर असा एखादा पाहुणा असतोच.

ही यादी तुम्हीही करा. नुसतं मोजून थांबू नका. कोण किती उंच आहे ते पट्टीनं बघा. आमच्या खोक्यात चार बोटं उंच मावळा होता आणि त्याच्या निम्म्यानं भरेल असाही होता, कारण ते वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बाजारांतून आलेले. हातात काय आहे ते बघा. तलवार, भाला की बंदूक? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते कशाचे बनलेले आहेत? माती, प्लास्टर, प्लास्टिक की धातू?

तुम्ही म्हणाल, कशाचे का असेनात, नियमांशी त्याचा काय संबंध? आम्हीही तेच म्हणालो, आणि फसलो.

वेल्ससाहेबांची तोफ आणि आमचा मावळा

एच. जी. वेल्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 'टाइम मशीन', 'इनव्हिजिबल मॅन' लिहिणारा इंग्रज लेखक. या एवढ्या मोठ्या लेखकाला खेळण्यातल्या सैनिकांचं भारी वेड होतं. १९१३ साली त्यानं 'लिटल वॉर्स' नावाचं एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात त्याच्या खेळाचे सगळे नियम आहेत. पायदळ एका खेळीत एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट. तोफ चालवायची तर तिच्यापासून सहा इंचांच्या आत निदान चार माणसं हवीत. खेळीला वेळेची मर्यादा, घड्याळ लावून! उगाच विचार करत बसायचं नाही.

पण खरी मजा पुढेच आहे. वेल्सच्या खेळात तोफेच्या माऱ्याला फासे नाहीत. त्या काळी इंग्लंडात स्प्रिंगची एक छोटी खेळण्यातली तोफ मिळायची. तिच्यातून साधारण इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटायची. नेम धरायचा, गोळी सोडायची, जो सैनिक पडेल तो मेला. वाद नाही, भांडण नाही. पडला म्हणजे पडला!

आता बघा हं, हा नियम वेल्सला सुचला कसा? हवेतून नाही सुचला. त्याच्याकडे ती तोफ होती, आणि ब्रिटन्स कंपनीचे दोन इंचांहून किंचित उंच धातूचे पोकळ सैनिक होते. जमिनीवर खेळायला मोठी खोली होती. पडलेला सैनिक उचलून पुन्हा उभा करता येत होता. त्याच्या खोक्यात जे होतं, त्यातूनच त्याचे नियम निघाले.

आम्ही काय केलं? ही गोष्ट मी मुलांना मोठ्या झोकात सांगितली. भाच्यानं लगेच बॉलपेनच्या स्प्रिंगची तोफ केली, आत काडेपेटीच्या काडीचा तुकडा. (असलं काही करायचं असेल तर घरातलं मोठं माणूस जवळ हवं, आणि कोणाच्याही तोंडाच्या दिशेनं नेम धरायचा नाही, बरं का!) पहिल्या तीन काड्या भिंतीवर गेल्या. चौथी बरोबर बसली. मावळा डुलला, मागं पडला, फरशीवर आपटला, आणि त्याचं मुंडकं टेबलाखाली घरंगळत गेलं.

कोणी काही बोलेना. तो मावळा मी दुसरीत असताना माझ्या वडिलांनी आठवडी बाजारातून आणला होता. भाचा रडकुंडीला आला. भाची म्हणाली, "मामा, वेल्सचे सैनिक धातूचे होते. आपले मातीचे आहेत."

एवढी सोपी गोष्ट, पण ती माझ्या आधी तिच्या लक्षात आली! नियम चांगला होता, आमच्या खोक्यासाठी नव्हता. त्या दिवसापासून आमचा पहिला कायदा ठरला: मावळ्याला आडवं पाडायचं नाही, फेकायचं नाही. त्याला फक्त उचलून ठेवायचं.

मोठ्या माणसांचे नियम

मग मी जरा शोधाशोध केली. या छंदातली काही नामांकित पुस्तकं बघितली. प्रत्येकाला वेगळं खोकं लागतं, हे मला तेव्हा पुरतं उमगलं.

१९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रज माणसानं 'वॉर गेम्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यानंतर कितीतरी लोक या खेळाकडे वळले. त्या सुमारास इंचभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक स्वस्तात मिळू लागले होते. एका खोक्यात डझनावारी! त्यामुळे भरपूर सैनिक लागणाऱ्या लढाया पोरांनाही परवडू लागल्या. प्रत्येक सैनिक वेगळा, गोळी लागली की एकेक उचलायचा. आमचे मावळे एकवीस. अशा लढाईत ते नाश्त्यालाही पुरले नसते.

१९९० साली याच्या अगदी उलटा प्रकार आला. त्याचं नाव 'डीबीए'. त्यात प्रत्येक बाजूला फक्त बारा गट. लढाई तासाभरात संपते, आणि छोट्या सैनिकांना दोन फूट लांब-रुंद जागा पुरते. वा, किती छान! पण थांबा. त्यात तीन-चार सैनिक एका पाटीवर कायमचे चिकटवायचे असतात, आणि पाटीची रुंदी ठरलेली असते. पंधरा मिलिमीटरच्या सैनिकांना चाळीस मिलिमीटर. चाळीस मिलिमीटर म्हणजे आपली दोन बोटं! आमचा एक मावळा त्यात जेमतेम उभा राहील. शिवाय त्यांना चिकटवलं, तर पुढच्या दिवाळीत बुरुजावर कोण चढणार?

तिसरं पुस्तक मात्र कामाचं निघालं. नील थॉमस यांचं 'वन-अवर वॉरगेम्स', २०१४ सालचं. तीन फूट बाय तीन फूट जागा. प्रत्येक बाजूला सहा तुकड्या. आणि प्रत्येक तुकडीला पंधरा घाव सोसण्याची ताकद. पंधरा घाव झाले की अख्खी तुकडी उचलायची, तोपर्यंत एकही सैनिक हलवायचा नाही.

यात मोठी मेख आहे. तुकडीत किती सैनिक उभे आहेत, याला इथं काही किंमतच नाही! पाच असोत, तीन असोत, दहा असोत, ताकद पंधराच. म्हणजे आमचा उंच मावळा आणि बुटका मावळा एकाच तुकडीत सुखानं राहू शकतो. मोडक्या पायाचा घोडासुद्धा. कमी सैनिक, वेगवेगळ्या उंचीचे, नाजूक, आणि पुन्हा किल्ल्यावर जायचे आहेत असे. अशा खोक्याला ही कल्पना चपखल बसते.

आम्ही पंधरा घावांसाठी पंधरा चिंचोके घेतले. तुकडीच्या मागं चिंचोक्यांचा ढीग. घाव बसला की चिंचोका उचलायचा. मावळा जागेवरच.

पाच मावळे म्हणजे किती माणसं?

भाच्याला एक शंका आली. "मामा, पाचच मावळे? महाराजांचं सैन्य तर केवढं मोठं होतं!"

याचं उत्तर शिवकाळातच आहे. महाराजांच्या सैन्याची रचना अगदी नेटकी होती. घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमलेदारांवर एक हजारी. करा गुणाकार. पंचवीस पंचे सव्वाशे, सव्वाशे दाहे साडेबाराशे. पायदळात सगळ्यांत लहान गटावर नाईक, आणि पाच नाइकांवर एक हवालदार.

मग आपला मातीचा मावळा म्हणजे एकटा माणूस नाहीच! तो आहे एक नाईक आणि त्याची माणसं. पाच नाईक पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर उभे केले की झाली हवालदाराची तुकडी. घोडेस्वार एक ठेवला तर तो पंचवीस स्वारांच्या जागी. लढाई मोठी असेल तर एका मावळ्याला आणखी मोठा हुद्दा द्या. चिंचोके तेवढेच राहतात.

आमचे धड मावळे आता वीस उरले होते. पाचा-पाचाच्या चार तुकड्या, बरोब्बर! पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापल्या, सहा-सहा इंचांच्या. मावळे नुसते वर ठेवायचे, चिकटवायचे नाहीत.

आणि शत्रू? इथं सगळ्यांचंच अडतं. बाजारात मावळे मिळतात, पण मोगल कोण विकतं? आम्ही बुद्धिबळाचा पट काढला. दोन्ही रंगांची मिळून प्यादी सोळा, म्हणजे चार-चारांच्या चार तुकड्या. घोडे चार, म्हणजे दोन-दोनांच्या दोन तुकड्या. झाल्या सहा! बुद्धिबळ मुळात आपल्या जुन्या चतुरंगातून आलेलं. चतुरंग म्हणजे पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ. तेव्हा प्याद्यांना लढाईवर पाठवलं म्हणून त्यांनी तक्रार करायचं कारण नाही.

मैदान नको, खिंड हवी

आता सैन्यं तयार झाली. पण पुस्तकातले नियम जसेच्या तसे वापरले तर काय होतं? दोन्ही सैन्यं समोरासमोर मैदानात उभी राहतात, पुढे सरकतात आणि फासे टाकत बसतात. चार तुकड्या विरुद्ध सहा. कोण जिंकणार, हे सांगायला फाशाची गरजच नाही.

आणि मावळे असे कधी लढले, सांगा बरं?

१६६१ सालच्या फेब्रुवारीतली उंबरखिंडीची लढाई आठवा. शाइस्तेखान तेव्हा पुण्यात तळ ठोकून होता. त्यानं कारतलबखानाला मोठं सैन्य देऊन कोकणात धाडलं. बरोबर रायबागन ही लढवय्यी बाई होती. सैन्य सह्याद्रीचा घाट उतरून खालच्या दाट जंगलात, अरुंद वाटेवर आलं. वाट इतकी चिंचोळी की एवढ्या मोठ्या फौजेला पसरून उभं राहताच येईना. आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत महाराजांची माणसं दबा धरून बसलेली! पुढची वाट बंद, मागची वाट बंद. खान शरण आला, खंडणी देऊन सुटला. ही जागा आजच्या रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आहे. तिथं स्मारकही आहे. सहल काढता आली तर जरूर काढा, नियम करायला तिथली वाट फार उपयोगी पडते.

खानाची माणसं जास्त होती, पण ती एकाच वेळी लढू शकली नाहीत. आमच्या नियमांत हे यायलाच हवं होतं. म्हणून सतरंजीखाली दोन बाजूंना उशा ठेवल्या, मध्ये एक तुकडी मावेल एवढी वाट. लांबी तीन फूट. अंतर मोजायला खराट्याची सहा इंचांची काडी. (आधी वितीनं मोजत होतो, पण भाचीची वीत मोठी, भाच्याची लहान. पुन्हा भांडण!)

आमचे नियम असे ठरले. खानाच्या तुकड्या एकामागून एक खिंडीत शिरणार, एका डावात एक काडी पुढे. मावळ्यांच्या तुकड्या सुरुवातीला दिसतच नाहीत. त्यांच्या जागी उतारावर कागदाच्या आठ चिठ्ठ्या पालथ्या ठेवायच्या. चार चिठ्ठ्यांवर तुकडीचं नाव, चार कोऱ्या. कोणत्या झाडीत माणूस आहे आणि कुठं नुसतं पान हलतंय, ते खानाला कळता कामा नये! मावळ्यांनी झडप घातली, किंवा शत्रू एका काडीच्या आत आला, की चिठ्ठी उलटायची आणि तुकडी मांडायची. लढताना आपल्या डावात फासा टाकायचा. जितके ठिपके, तितके समोरच्याचे चिंचोके गेले. झाडीतल्या तुकडीवर हल्ला असेल तर निम्मे, अर्धा आला तर पूर्ण धरायचा. ज्या तुकडीवर झडप पडली ती त्या डावात पुढे जाऊ शकत नाही.

आणि हिंमत. एखाद्या तुकडीकडे सात किंवा कमी चिंचोके उरले की तिनं प्रत्येक डावात फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर ती एक काडी मागं पळते. पण खिंडीत मागं पळायला जागा कुठं आहे? मागून आपलीच दुसरी तुकडी येतेय! मग ढकलाढकली, आणि दोघींचा एकेक चिंचोका कमी. हा नियम भाच्याचा. शाळा सुटल्यावर जिन्यात काय होतं, त्यावरून त्याला सुचला.

पंधरा डावांच्या आत खानाच्या तीन तुकड्या पलीकडे निघाल्या तर खान जिंकला. त्याच्या तीन तुकड्या मोडल्या तर तो शरण. सगळ्यांना मारायची गरज नाही, उंबरखिंडीतही तसं झालं नव्हतं.

पहिला नियम कधीच बरोबर नसतो

आम्ही खेळलो. भाची खान झाली. चौथ्या डावात हरली. पुन्हा खेळलो, पुन्हा चौथ्यात. तिसऱ्यांदा पाचव्यात. तिनं फासा फेकला आणि म्हणाली, "हे मावळे एकदा चिकटले की सोडतच नाहीत! दर डावाला माझे चिंचोके जातात. यात मी काय करायचं?"

तिचं म्हणणं खरं होतं. जरा हिशेब करा. एका फाशावर एक ते सहा येतात, सरासरी साडेतीन. चार तुकड्यांनी एका डावात झडप घातली तर साडेतीन चोक चौदा चिंचोके. तीन तुकड्या मोडायला पंचेचाळीस लागतात. म्हणजे चौथ्या डावाला खेळ खलास! आणि खानाची तिसरी तुकडी पलीकडे पोहोचायला, कोणी अडवलं नाही तरी, आठ डाव लागतात. तिला संधीच नव्हती.

शिवाय हे मावळ्यांसारखंही नव्हतं. गनिमी कावा म्हणजे चिकटून बसणं नव्हे. झडप घालायची आणि झाडीत नाहीसं व्हायचं.

मग आम्ही एकच नियम बदलला. झाडीतून धावत येऊन घातलेल्या पहिल्या झडपेला फाशाचे पूर्ण ठिपके. तिथंच थांबून पुढच्या डावातही लढलात तर निम्मे. बस्स! मावळ्यांनी परत झाडीत जायलाच हवं, असं आम्ही कुठं लिहिलं नाही. पण भाचा दोनच डावांत शिकला. थांबलं की आपले चिंचोके पूर्ण जातात आणि समोरच्याचे निम्मेच. तो आपणहून मारायचा आणि मागं पळायचा, मारायचा आणि मागं पळायचा. मी त्याला गनिमी कावा समजावून सांगायला गेलो असतो तर त्याला जांभया आल्या असत्या.

त्यानंतरच्या पाच लढायांत खान दोनदा निसटला. एकदा तर तिसरी तुकडी एकुलत्या एका चिंचोक्यावर पलीकडे गेली, आणि भाचीनं जो ओरडा केला, त्यानं शेजारच्या काकू धावत आल्या.

तुम्ही तुमचे नियम कराल तेव्हा बदल असाच एकेक करा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं, ते कळत नाही. आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा, नाहीतर "आपलं असं ठरलंच नव्हतं" हे आहेच!

तुमच्या खोक्यात बंदूकवाले प्लास्टिकचे सैनिक जास्त असतील तर आमचे नियम तुम्हांला चालणार नाहीत. तुम्हांला लांबून मारा करण्याचा नियम लागेल, आड कशाला म्हणायचं ते ठरवावं लागेल. चांगले भक्कम धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक असतील आणि अंगण मोठं असेल, तर वेल्सचा खेळ खुशाल खेळा, फक्त डोळे सांभाळा. नुसते पाच-सहाच सैनिक असतील तर तुकड्या करूच नका. प्रत्येकाला नाव द्या, प्रत्येकाला चार-पाच चिंचोके द्या, आणि एखाद्या बुरुजावर दोराच्या शिडीनं चढण्याची मोहीम काढा.

आईबाबांना एक सांगतो. परदेशी बनावटीचे रंगवलेले सैनिक फार सुंदर असतात, आणि फार महागही असतात. मुलांनी हट्ट धरला तर लगेच हो म्हणू नका, पण लगेच ओरडूही नका. आधी माळ्यावरचं खोकं काढा आणि एक रविवार सतरंजीवर त्यांच्याबरोबर बसा. आमच्याकडे सगळा खर्च झाला तो पुठ्ठ्याचा, आणि तोही साबणाच्या जुन्या खोक्याचा होता.

मुंडकं तुटलेल्या मावळ्याला फेव्हिकॉल लावलं. मान जरा वाकडी बसली आहे. भाची म्हणते, तो आता टेहळणीवर आहे, म्हणून त्याची मान वळलेली. त्याच्या शेजारून खान गेला तर चिठ्ठी उलटायची नाही, असा नवा नियम तिला हवा आहे. भाच्याला तो मंजूर नाही. वासुदेवाला निरोप्या करायचं मात्र दोघांनाही पटलं आहे. एका डावात तो दोन काड्या चालतो आणि त्याला कोणी मारायचं नाही.

वाघाचं आणि वाहतूक पोलिसाचं अजून काही ठरत नाही. मला वाटतं, खिंडीत एवढी गर्दी होते, तर पोलिसाला तिथंच उभं करावं.